डागी बाळ

आमच्या मावशीचा हात चालायचा, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कोणी म्हणायला नको, हिनं आपल्या माणसाचं झाकून ठेवलं. रद्दी बाजारात तिनं एकाच्या डोक्यात मासिकांचा बांधीव अंक घातला होता, एकाचा अंगठा चावला होता, आणि माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकानं जुन्या जाहिरातीवर कॉफीचा कप ठेवला म्हणून त्याची कॉलर धरून त्याला पायरीवरून खाली उतरवलं होतं. उतरवलं म्हणजे ढकललं. माझं दुकान फ्रेमांचं. काच, लाकूड, खिळे, डिंक. मावशी जुन्या मासिकांतल्या जाहिराती विकत घ्यायची, विकायची, आणि मी त्यांना फ्रेमा करून द्यायचे. दोघींची तोंडं सारखीच फटकळ, त्यामुळे आमचं छान जमायचं.

लोक विचारतात, असल्या जुन्या जाहिराती घेतं तरी कोण? अहो, घेणारे घेतात. साबण, रेडिओ, शिलाई मशीन, केसांचं तेल. वाचताना जे पान आपण न बघता उलटायचो, तेच आता लोक बैठकीच्या खोलीत टांगतात. मात्र अस्सल लागते. खरोखरच्या मासिकात छापलेली, त्या काळच्या शाईची, मागच्या बाजूला कुठल्यातरी कथेचं अर्धंमुर्धं पान असलेली. नक्कल ओळखायला मावशीला भिंगसुद्धा लागायचं नाही. पान उलटं करायची, मागे कोरं दिसलं की आणणाऱ्याच्या अंगावर भिरकावायची. "घरी ने, टेबल पुसायला होईल," म्हणायची.

पण मावशीला जाहिरातींचं वेड होतं, असं कुणी समजू नका. तिला हवं होतं एकच पान. बाकीचा सगळा व्यवहार त्या पानापर्यंत पोचण्यासाठी होता. ते पान कुठलं, हे सांगायचं तर मला मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की माझं डोकं फिरतं. तरी सांगते.

मावशीला दोन मुलं. मोठी मुलगी, तिला मी ताई म्हणते. आणि धाकटा, ज्याला आम्ही सगळे गब्दुल म्हणायचो, कारण तो होताच तसा. मनगटाला वळ्या, गाल हे एवढे. आणि एक नवरा. त्याला मी काका म्हणत नाही. लाकडाच्या वखारीत करवतीवर कामाला होता. उजव्या हाताचं मधलं बोट त्या करवतीनंच खाल्लेलं. बोट गेलं, पण हाताचा जोर काही गेला नाही. घरी आला की तो जोर कुणावर तरी निघायचा. मावशीवर निघायचा, आणि मावशी काही गप्प बसणारी नव्हती, तीही लाटणं, पातेलं, हाताला येईल ते हाणायची. त्यामुळे गल्लीत सगळ्यांचं मत असं, की दोघंही सारखेच. या मतानं तिचा घात केला.

गल्लीच्या टोकाला एक फोटोग्राफर राहायचा. तो जाहिरातींचे फोटो काढायचा. दुधाच्या पावडरीच्या डब्याशेजारी बसवायला त्याला एक गुटगुटीत मूल हवं होतं, आणि त्याला गब्दुल दिसला. मावशी हरखून गेली. फोटोच्या आदल्या रात्री गब्दुल दात येत होते म्हणून रडत होता, आणि तिच्या नवऱ्याची झोप मोडली. त्यानं लेकराच्या गालावर ठेवून दिली. एवढ्याशा गालावर तो पंजा उमटला. एक बोट, मग मोकळी जागा, मग दोन बोटं. मावशीनं सकाळी त्यावर पावडर थापली आणि फोटो काढून आणला. झगझगीत दिव्यांत पावडर काय टिकणार? वळ फोटोत आलेच.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट. त्या काळी जाहिरातीचा फोटो तसाच छापत नसत. एक माणूस बारीक ब्रशनं तो रंगवून काढायचा. सुरकुत्या घालवायचा, दात पांढरे करायचा, डब्याला चकाकी आणायचा. गब्दुलचा गालही त्यानं साफ केला. पण घाईघाईत छपाईला पहिल्यांदा गेला तो न रंगवलेला फोटो. अंक बाहेर पडला, कंपनीनं आरडाओरडा केला, उरलेला गठ्ठा परत मागवून लगद्यात घातला. पुढच्या अंकापासून स्वच्छ गालाचं बाळ छापून यायला लागलं, आणि वर्षानुवर्षं तेच येत राहिलं.

बाळ मात्र राहिलं नाही. पहिला अंक आला, मावशीनं तो उशाशी ठेवला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्यानं गब्दुलला उचलून भिंतीवर आपटलं. मावशी खाली वाण्याच्या दुकानात गेली होती. वर आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. तो पलंगावर बसून तिला म्हणाला, "तुझ्या हातून झालं. कळलं का? तुझ्या हातून." आणि लोकांनाही त्यानं तेच सांगितलं. रागाच्या भरात हिनं पोराला फेकलं. गल्लीला लगेच पटलं. हिचा हात चालतो, हे सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. ताई तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तिला कोर्टात उभं केलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, "आईनं टाकलं."

मावशी जीव तोडून सांगत होती की हा आधीपासून मारायचा, फोटोत वळ आहेत, अंक बघा. घरातला अंक त्यानं केव्हाच जाळला होता. मग तिच्या वकिलानं काय करावं? तो महाशहाणा कुठूनतरी तीच जाहिरात मिळवून आला आणि मोठ्या ऐटीत पुढे केली. पुढच्या अंकातली! स्वच्छ, गोरा, रंगवलेला गाल! छपाईला दोन वेगवेगळे फोटो गेलेत हे त्याच्या गावीही नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, यात तर काही दिसत नाही. मावशी पिंजऱ्यातून किंचाळत राहिली, "ते पान हे नव्हे, ते पान हे नव्हे." तिला धरून खाली बसवलं. या एका पानावर ती खोटारडी ठरली आणि तुरुंगात गेली.

तुरुंगात तिला बांधणीच्या कामाला लावलं. कागद, दोरा, खळ. सुटून आमच्या घरी आली तेव्हा केस पांढरे झाले होते आणि कागदाला नुसता हात लावून ती त्याचं वय सांगत होती. ताईला भेटायला गेली, तर ताईनं दार उघडलंच नाही. आतून म्हणाली, "तू जा. परत येऊ नकोस." त्या दिवसापासून मावशी रद्दी बाजारात जायला लागली.

"पोरीला पढवलं गं त्यानं," ती मला म्हणायची. "इतकीशी होती. रोज तेच ऐकून तिला ते खरंच वाटायला लागलं. तिच्या मनात मी खुनी आहे. ते पान तिच्यासमोर ठेवीन तेव्हा तिचे डोळे उघडतील."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मी अशीच मरेन," ती शांतपणे म्हणायची.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, चीड येते. त्या पहिल्या छपाईचं पान जाहिराती जमवणाऱ्या लोकांना माहीत होतं. ते त्याला 'डागी बाळ' म्हणायचे. त्यांच्या मते ती छपाईतली चूक होती, रोलरवरची शाई गालावर ओघळलेली. चुकीच्या छपाईला या धंद्यात भलता भाव, म्हणून सगळे त्याच्यामागे हात धुवून लागलेले. त्यात पुढे होता मलम. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. बोलणं चोपडं, आवाज मऊ, म्हणून मलम. एकदा माझ्या दुकानात बसून तो मावशीच्या समोर मला समजावत होता, "डाग बघायचा असतो. तीन ओरखडे, एकाशेजारी जरा जागा सुटलेली. काय सुरेख चूक आहे!" मावशीनं हातातली पट्टी त्याच्या बोटांवर अशी हाणली की तो हात काखेत धरून नाचायला लागला. का मारलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या रद्दी बाजाराचा एक कायदा आहे. गठ्ठा गाडीतून खाली पडला की त्यावर ज्याचा हात आधी, माल त्याचा. हात ठेवून हवं तितकं न्याहाळा, घासाघीस करा. हात उचलला की माल मोकळा. या कायद्यापायी मी बाजारात दात पडलेले पाहिलेत, बोटं चेंगरलेली पाहिलीत. मावशी मला घेऊन जायची ते उजाडतानाच, कारण गाड्या तेव्हाच लागायच्या.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या वाचनालयाचा माल आला होता. पहिला गठ्ठा पडला, दुसरा पडला, तिसरा पडला आणि मावशी सुटली. मला तर नुसत्या सुतळीत बांधलेल्या कडा दिसत होत्या. तिला काय दिसलं देव जाणे. मध्ये आलेल्या हमालाला तिनं कोपरानं उडवलं आणि गठ्ठ्यावर उजवा हात दाबून ठेवला. मलम तिच्या मागोमाग पोचला. त्या मासिकाच्या कडेचा रंग त्यानंही ओळखला होता.

"बाई," तो म्हणाला, "आपण दोघं मिळून घेऊ. तुम्ही वरचे ठेवा, मी खालचे."

"चालायला लाग," मावशी म्हणाली.

मलमाच्या खिशात पानं कापायची पातळ सुरी असायची. ती त्यानं काढली आणि आधी सुतळी कापली. गठ्ठा घसरायला लागला, तसा तो खालून अंक ओढायला लागला. मावशीनं दुसऱ्या हातानं त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड गठ्ठ्यावर आपटलं. त्याच्या नाकातून रक्त आलं, आणि मऊ बोलणारा तो माणूस एकदम आईबहिणीवर आला. त्यानं सुरी तिच्या हातावर ओढली. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत. मी पाहिलं, कातडी उघडली. कुणीही हात मागे घेतला असता. मावशीनं घेतला नाही. तो म्हणाला, "उचल," आणि परत ओढली. तिनं नुसते दात खाल्ले.

मग मात्र माझा ताबा सुटला. मी त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली, तो खाली बसला, आणि मी त्याच्या सुरीच्या हातावर माझ्या बुटासकट उभी राहिले. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. भोवती ही गर्दी, पण सोडवायला एक माणूस आला असेल तर शपथ. रद्दीवाला गाडीवरून वाकून पाहत होता. तो म्हणाला, "हात बाईंचा आहे. माल बाईंचा." आणि पुढचा गठ्ठा खाली टाकला.

दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना. दुकानात येऊन मी तिच्या हाताला फडकं करकचून बांधलं, ते भराभर लाल होत होतं, आणि ती डाव्या हातानं अंक उलटत होती. वरच्या काही अंकांवर तिच्याच रक्ताचे शिंतोडे. मी ओरडले, "अगं मरशील!" ती म्हणाली, "गप गं." आणि मग ती थांबली.

आमचा गब्दुल. पान पिवळं पडलं होतं, पण तो हसत होता, वरचे दोन दात दाखवत, एक हात डब्यावर. आणि गालावर ते. मावशीनं बोट लावून मला दाखवलं. "हे पहिलं बोट. ही मोकळी जागा. ही दोन. ही शाई आहे का गं? सांग, शाई आहे?" मी रडत होते. ती रडत नव्हती. तिनं वाकून त्या गालाचा मुका घेतला आणि मग म्हणाली, "चल, आता टाके घालायला जाऊ."

मी त्या पानाला काच लावली, माझ्याकडची सगळ्यात चांगली पट्टी वापरली. दोन दिवसांनी आम्ही ताईच्या घरी गेलो. मावशीनं इस्त्रीची साडी नेसली होती, हाताला पांढरं बँडेज. जिना चढताना मला तीनतीनदा विचारलं, "काय म्हणेल गं ती? आधी काय बोलू?" बाजारात सुरीला न घाबरलेली बाई, जिन्यावर दर पायरीला थांबत होती.

दार मावशीच्या नवऱ्यानं उघडलं, तो अजून ताईजवळच राहत होता. म्हातारा झाला होता, पण खांदे तसेच, हातात जाड काठी. त्यानं मावशीला पाहिलं, फ्रेम पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की बघताक्षणी त्यानं ते पान ओळखलं.

"अजून डोकं ठिकाणावर नाही आलं वाटतं," तो म्हणाला.

"बाजूला हो. मला माझ्या लेकीशी बोलायचंय."

ती आत शिरली, मी तिच्यामागे. त्यानं काठी उचलली आणि सरळ फ्रेमवर घातली. काच खळ्ळकन सगळीकडे उडाली. मी अंगावर गेले तर दुसरा तडाखा माझ्या गळ्याच्या हाडावर बसला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला टेकले. तेवढ्यात त्यानं पान ओढून काढलं, उभं फाडलं, आडवं फाडलं. गालाचा तुकडा त्यानं तोंडात घातला आणि आमच्याकडे बघत चावला. मग धापा टाकत खुर्चीत बसला, काठी मांडीवर आडवी घेऊन.

मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी परत कधी ऐकला नाही. ती काचांमध्ये गुडघ्यावर बसली आणि कपटे गोळा करायला लागली. बँडेज सुटलं, टाके तुटले, रक्त लादीवर. "थांब गं, जुळतंय," ती मला म्हणत होती, "तू खळ आणलीस ना? जुळवू आपण." डब्याचा तुकडा, एक डोळा, मागच्या कथेची ओळ. गाल कुठेच नव्हता.

ताई आतल्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. केस तिचेही पिकले होते. ती हळूच म्हणाली, "आई, सोड ते."

मावशीनं मान वर केली. "अगं, होतं बघ. खरंच होतं त्यात. त्याची बोटं दिसत होती. आत्ता होतं. मी खोटं नाही बोलत."

"मला माहितीये."

"तुला कसं माहीत असणार? तू इतकीशी होतीस, तुला यांनी..."

"मी पलंगाखाली होते, आई," ताई म्हणाली. "मी बघितलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. ही बाई तुरुंगात सडली, आयुष्यभर रद्दी उपसली, हात कापून घेतला, आणि हिला सगळं माहीत होतं? मी ओरडलेच, "मग तेव्हा का नाही बोललीस गं? आणि ही दाराशी आली तेव्हा?"

"तो म्हणाला होता, बोललीस तर तुलाही तसंच करीन." ताईनं त्याच्याकडे बघितलं नाही. "आणि नंतर... मी तुला तुरुंगात घातलं, आई. कुठल्या तोंडानं दार उघडू?"

मला वाटलं, आता मावशी उठणार आणि तिच्या थोबाडीत देणार. मी असते तर दिली असती. पण मावशी तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या गळ्यापर्यंत बंद केलेल्या ब्लाउजकडे, ती एक हात पोटाशी धरून उभी होती त्याच्याकडे. मावशीचा चेहरा बदलला. इतकी वर्षं जे तिच्या मनातच आलं नव्हतं, ते आत्ता आलं असावं.

"तुला मारायचा का गं?" तिनं विचारलं.

"अजून मारतो," ताई म्हणाली. "काल पण."

खुर्चीतला माणूस काठी टेकून उठायला लागला. मावशीच्या मुठीतले कपटे खाली पडले. तिनं ओल्या हातानं पदर कमरेला खोचला आणि त्याच्याकडे वळली. ताई दारातून पुढे आली, तिच्या शेजारी उभी राहिली. मी बाहेरच्या दाराची कडी आतून लावून घेतली.